पासवर्ड हॅश करणं आणि तपासणं: पायथन आणि आर्गॉन२ वापरून, डेटाबेसच्या रकान्यापासून चाचण्यांपर्यंत

२००९ मध्ये रॉकयू या सोशल-अ‍ॅप कंपनीचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड बाहेर आले, ते जसेच्या तसे वाचता येत होते. २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेले ठरावीक लांबीचे ठसे, फुटले. ते एसएचए-१ या जुन्या हॅश-पद्धतीचे होते आणि त्यांना सॉल्ट, म्हणजे हॅश काढण्याआधी पासवर्डला जोडायचे यादृच्छिक बाइट, नव्हता. २०१३ मध्ये अडोबीचा डेटा फुटला तेव्हा त्यात हॅश नव्हतेच, पासवर्ड ट्रिपल-डीईएसने एन्क्रिप्ट केलेले होते, म्हणजे किल्ली असेल तर पुन्हा उलगडता येणारे. ज्यांचा पासवर्ड एकच, त्यांचा कूटमजकूरही एकच, आणि शेजारच्या रकान्यात युजरने स्वतः लिहिलेली आठवणीची खूण उघडी. हजारो लोकांच्या खुणा एकत्र वाचल्या की किल्ली न मिळवताही पासवर्ड कळत होते.

पासवर्ड हॅश करून तपासण्याचं मूळ काम आज चांगल्या लायब्ररीच्या तीन फंक्शनमध्ये होतं. बहुतेक घोळ होतात ते त्या तीन फंक्शनच्या अवतीभवती: रकान्याची लांबी, मजकुराचे बाइट, चुकांची हाताळणी, लॉग, जुना डेटा. म्हणून या लेखात जास्त जागा त्या भागाला दिली आहे. उदाहरण पायथन आणि आर्गॉन२ या पासवर्ड-हॅशिंग अल्गोरिदमचं आहे. पीएचपी, जावा किंवा नोडमध्ये नावं बदलतील, क्रम तोच राहील.

सॉल्ट काय करतो, काय करत नाही

हॅश एकाच दिशेने जातो. त्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही, पण अंदाज घेऊन त्याचा हॅश काढता येतो आणि जुळतो का ते बघता येतं. सॉल्ट नसेल तर हल्लेखोर एका अंदाजाचा हॅश एकदाच काढतो आणि ६५ लाख नोंदींशी एका झटक्यात ताडून बघतो. प्रत्येक युजरला वेगळा सॉल्ट असेल तर तोच अंदाज प्रत्येकासाठी नव्याने मोजावा लागतो आणि आधी तयार करून ठेवलेले तक्ते निरुपयोगी होतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्समधल्या या पद्धतीचं वर्णन १९७९ मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हा सॉल्ट १२ बिटांचा होता, म्हणजे फक्त ४,०९६ शक्यता. आज १६ बाइट घेतात. दोन युजरना चुकून एकच सॉल्ट मिळण्याची काळजी तिथे संपते.

सॉल्ट गुप्त नसतो. तो हॅशच्या शेजारीच साठवायचा. तो लपवण्यासाठी वेगळा टेबल, वेगळं एन्क्रिप्शन असला खटाटोप करू नका. युजरनेम, ईमेल किंवा नोंदणीची वेळही सॉल्ट म्हणून वापरू नका. 'अ‍ॅडमिन' हे युजरनेम हजारो ठिकाणी असतं, आणि युजरने ईमेल बदलला की हॅश जुळेनासा होतो.

सॉल्टने मोजणी मंद होत नाही. ते काम अल्गोरिदमचं आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे एक ग्राफिक्स कार्ड हॅशकॅट या पासवर्ड फोडण्याच्या प्रोग्रामवर सेकंदाला सुमारे २,२०० कोटी एसएचए-२५६ हॅश काढतं. आता असा युजर घ्या ज्याने स्वतःचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवला आहे. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंकी नंबर ४०० कोटी होतात. सॉल्ट असला तरी एसएचए-२५६ वर हे सगळे नंबर एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात तपासून होतात. मुद्दाम मंद ठेवलेल्या बीक्रिप्ट या अल्गोरिदमचा खर्च-घटक (मोजणी किती जड ते ठरवणारा आकडा) १२ ठेवला तर त्याच कार्डावर सेकंदाला साधारण १,४०० अंदाज होतात आणि त्याच कामाला महिनाभर लागतो, तोही एका युजरसाठी. पण पासवर्ड आठ अंकी जन्मतारीख असेल तर शंभर वर्षांच्या तारखा अवघ्या ३६,५२५ भरतात. त्या बीक्रिप्टवरही अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात. म्हणून जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि फुटलेल्या याद्यांमधले पासवर्ड नोंदणीच्या वेळीच नाकारले पाहिजेत. हॅशिंग कितीही चांगलं असलं तरी ती उणीव त्याने भरून निघत नाही.

कोणता अल्गोरिदम

नव्या कामासाठी आर्गॉन२आयडी, म्हणजे आर्गॉन२ चा शिफारशीचा प्रकार. लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांचा आर्गॉन२ हा २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंग स्पर्धेचा विजेता ठरला आणि २०२१ मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ९१०६ म्हणून नोंदला गेला. तो वेळेबरोबर मेमरीही खातो. ग्राफिक्स कार्डात हजारो कोअर असतात, पण प्रत्येकाला ६४ एमबी मेमरी देता येत नाही, आणि बचाव नेमका त्यावर उभा आहे. तो उपलब्ध नसेल तर एसक्रिप्ट, जुन्या प्रणालीत बीक्रिप्ट, आणि सरकारी किंवा बँकिंग नियमांमुळे फिप्स या अमेरिकी सरकारी मानकाची अट असेल तर पीबीकेडीएफ२, एसएचए-२५६ सह किमान ६ लाख फेऱ्या. एमडी५, एसएचए-१, एसएचए-२५६ यांची नुसती एक फेरी कशातच बसत नाही. स्वतःची पद्धत रचणं, म्हणजे दोन-तीन हॅश एकावर एक चढवून 'आता कोणाला कळणार नाही' म्हणणं, हे तर टाळाच.

पायथनमध्ये आर्गॉन२-सीएफएफआय ही लायब्ररी पिपने बसवा. एसक्रिप्ट पायथनच्या हॅशलिबमध्येच आहे, पण एक अडचण येते. मेमरीची मर्यादा न सांगितल्यास ती ३२ एमबी धरली जाते, त्यामुळे १२८ एमबी लागणारी शिफारशीची मूल्यं दिली की व्हॅल्यू-एरर येतो. तो आला म्हणून मूल्यं कमी करू नका, मॅक्समेम हे मेमरी-मर्यादेचं मूल्य वाढवा.

पायरी १: रकाना

युजर टेबलात हॅशसाठी एकच मजकूर-रकाना ठेवा, लांबी २५५. आर्गॉन२ जी ओळ देतो तिच्यात डॉलर चिन्हांनी वेगळे केलेले भाग असतात: अल्गोरिदमचं नाव, आवृत्ती १९, मेमरी-वेळ-धागे (थ्रेड) यांची मूल्यं, बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) मधला २२ अक्षरी सॉल्ट आणि ४३ अक्षरी हॅश. नेहमीच्या मूल्यांना ही ओळ ९७ अक्षरांची होते. तपासणीला लागणारं सगळं त्या ओळीतच असतं, म्हणून सॉल्टसाठी वेगळा रकाना लागत नाही. उद्या मूल्यं वाढवली तरी जुन्या ओळी आपापल्या मूल्यांनुसार तपासता येतात.

बीक्रिप्टची ओळ बरोबर ६० अक्षरांची असते. त्यामुळे जुन्या टेबलांत हा रकाना ६० चाच आढळतो. तिथे आर्गॉन२ ची ओळ घातली आणि मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये नसेल, तर ओळ कापून साठवली जाते आणि फक्त एक इशारा येतो. नोंदणी यशस्वी दिसते, लॉगिन मात्र कधीच होत नाही.

पायरी २: मजकुराचे बाइट करणं

हॅश अक्षरांवर चालत नाही, बाइटवर चालतो. मराठीत पासवर्ड टाइप करणारे युजर असतील तर ही पायरी काळजीपूर्वक वाचा. पडद्यावर तंतोतंत सारखं दिसणारं अक्षर वेगवेगळ्या बाइटचं असू शकतं.

'ऱ' हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण तेच 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतं. ही जोडी युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणणं) एक होते. 'वाऱ्यावर' मधला अर्धा ऱ मात्र काही कीबोर्ड 'ऱ' आणि हलंत असा लिहितात, तर काही 'र', हलंत आणि झिरो-विड्थ-जॉइनर (जोडणीचं अदृश्य चिन्ह) असा. हे दोन एनएफसीने एक होत नाहीत, त्याहून व्यापक एनएफकेसीनेही नाही. 'ॲ' चंही तसंच: एकसंध चिन्ह आणि 'अ' वर अर्धचंद्र, दोन्ही एकसारखे दिसतात, बाइट वेगळे. '१२३' हे देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक हेही वेगळेच राहतात. फोनवर नोंदणी करून ऑफिसच्या संगणकावर लॉगिन करणाऱ्याला 'चुकीचा पासवर्ड' दिसतो आणि त्याने टाइप केलेलं तर बरोबरच असतं.

उपाय असा: पहिला युजर येण्याआधी एक छोटं फंक्शन लिहा. ते मजकूर एनएफसीमध्ये आणेल, 'र', हलंत आणि झिरो-विड्थ-जॉइनर यांचं 'ऱ' आणि हलंत करेल, मग उरलेली झिरो-विड्थ-जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही दोन्ही अदृश्य चिन्हं काढेल, 'अ' अधिक अर्धचंद्र या जोडीचं 'ॲ' करेल आणि शेवटी यूटीएफ-८ बाइट देईल. नोंदणी, लॉगिन, पासवर्ड बदल, रीसेट या चारही ठिकाणी हेच फंक्शन वापरा. प्रणाली आधीच चालू असेल तर हे नियम मध्येच लावू नका, नाहीतर ज्यांचे हॅश जुन्या बाइटवर आहेत ते बाहेर राहतील. तिथे आधी नव्या पद्धतीने, न जुळल्यास जुन्या पद्धतीने असं दोनदा तपासावं लागेल.

पासवर्डच्या सुरुवातीची आणि शेवटची मोकळी जागा छाटू नका. ती पासवर्डचा भाग आहे. ईमेलच्या रकान्यासाठी लिहिलेलं छाटणीचं फंक्शन नकळत पासवर्डलाही लागलेलं असतं, ते तपासा.

लांबीला वरची मर्यादा घाला, पण सैल. किमान ६४ चिन्हं स्वीकारलीच पाहिजेत, २५६ वर थांबलात तरी चालेल. मर्यादाच नसेल तर कोणीतरी मेगाबाइटभर मजकूर पाठवून सर्व्हर अडकवू शकतो. २०१३ मध्ये जॅंगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कला याच कारणासाठी सुरक्षा दुरुस्ती काढावी लागली होती: एक मेगाबाइटचा पासवर्ड तपासायला सुमारे एक मिनिट लागत होता.

पायरी ३: नोंदणी

प्रोग्राम सुरू होताना लायब्ररीच्या पासवर्डहॅशर या क्लासची एकच वस्तू (ऑब्जेक्ट) तयार करा आणि सगळीकडे तीच वापरा. नोंदणीच्या वेळी पायरी २ मधून आलेले बाइट तिच्या हॅश फंक्शनला द्या आणि मिळालेली ओळ जशीच्या तशी साठवा. सॉल्ट ती लायब्ररी स्वतः ऑपरेटिंग सिस्टमच्या सुरक्षित स्रोतातून घेते. एसक्रिप्टसारखं काही स्वतः जोडत असाल तर सॉल्टसाठी सीक्रेट्स मॉड्यूल वापरा. रँडम मॉड्यूल खेळ आणि नमुना-निवडीसाठी आहे, त्याचे पुढचे आकडे आधीच्या आकड्यांवरून ओळखता येतात.

एकच पासवर्ड दोनदा हॅश केला तर दोन वेगळ्या ओळी आल्या पाहिजेत. नवशिके इथे अडखळतात: लॉगिनच्या वेळी टाइप केलेला पासवर्ड पुन्हा हॅश करतात आणि साठवलेल्या ओळीशी बरोबरीच्या चिन्हाने ताडतात. सॉल्ट नवा असल्याने ते कधीच जुळत नाही. मग 'दुरुस्ती' म्हणून सगळ्यांना एकच कायमचा सॉल्ट दिला जातो, आणि केलेलं सगळं वाया जातं.

पायरी ४: लॉगिन

इथे क्रम महत्त्वाचा आहे.

१. ईमेलवरून युजरची नोंद शोधा. हॅशवरून शोधू नका, सॉल्टमुळे ते शक्यही नसतं.

२. नोंद नसेल तर लगेच परत फिरू नका. प्रोग्राम सुरू होताना एक बनावट हॅश तयार करून ठेवा, त्याच्याशी तपासणी करा आणि निकाल टाकून द्या. हे केलं नाही तर नसलेल्या खात्याचं उत्तर ५ मिलिसेकंदांत आणि असलेल्याचं ३०० मध्ये येतं. मग कोणाचं खातं आहे हे बाहेरून नुसतं घड्याळ लावून कळतं.

३. व्हेरिफाय फंक्शनला आधी साठवलेली ओळ, मग पासवर्ड द्या. बीक्रिप्ट लायब्ररीत हा क्रम उलटा आहे, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना हमखास चुकतो.

४. हे फंक्शन 'नाही' असं उत्तर देत नाही. जुळलं तर ट्रू, न जुळल्यास व्हेरिफाय-मिसमॅच-एरर. तेवढीच चूक पकडा आणि 'ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा' असं सांगा. ओळच बिघडलेली असेल तर इन्व्हॅलिड-हॅश-एरर येतो. तो युजरचा दोष नाही, तो लॉगमध्ये गेला पाहिजे. सगळ्या चुका एकत्र पकडून पुढे जाणारा कोड इथे सगळ्यात घातक ठरतो. मध्ये रिटर्न राहिला तर चुकीच्या पासवर्डनेही लॉगिन होतं.

५. जुळल्यावर चेक-नीड्स-रिहॅश विचारा, म्हणजे साठवलेली ओळ जुन्या मूल्यांची आहे का ते कळेल. उत्तर 'हो' आलं तर हातात असलेल्या पासवर्डचा नव्या मूल्यांनी हॅश काढून नोंद बदला. बदलताना 'रकान्यात अजून जुनी ओळच असेल तर' अशी अट घाला. ती नसेल आणि त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीत युजरने पासवर्ड बदलला, तर तुमचा रिहॅश नव्या पासवर्डवर जुना लिहून मोकळा होतो. हा बदल फसला तरी लॉगिन अडवू नका, पुढच्या वेळी होईल.

हॅश स्वतः ताडण्याची वेळ आलीच, जसं एसक्रिप्टमध्ये येते, तर एचमॅक मॉड्यूलचं कम्पेअर-डायजेस्ट वापरा. साधी बरोबरी पहिल्या वेगळ्या बाइटपाशी थांबू शकते आणि लागलेला वेळ माहिती देऊन जातो.

पायरी ५: मूल्यं ठरवणं

लायब्ररीची मूळ मूल्यं ६४ एमबी, ३ फेऱ्या, ४ धागे अशी आहेत. ती चांगली आहेत, पण तुमच्या सर्व्हरवर मोजल्याशिवाय घेऊ नका. लॅपटॉपवर मोजलेला वेळ भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. एका तपासणीला २०० ते ५०० मिलिसेकंद लागले तर युजरला जाणवत नाही.

मेमरीचा हिशेब आधी करा. एका वेळी २० लॉगिन चालू असतील तर ६४ एमबीने १,२८० एमबी लागतात. २ जीबीच्या सर्व्हरवर डेटाबेसही तिथेच असेल तर तो कोसळेल, आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी किंवा पगाराच्या तारखेला कोसळेल. अशा ठिकाणी ओवास्प या वेब-सुरक्षा संस्थेने सांगितलेली किमान मूल्यं घ्या: १९ एमबी, २ फेऱ्या, १ धागा. त्याच २० लॉगिनना मग ३८० एमबी पुरते. त्याशिवाय एकाच वेळी किती हॅश चालतील यावर सेमाफोरने मर्यादा घाला आणि बाकीच्यांना रांगेत थांबवा. फास्टएपीआयसारख्या असिंक सर्व्हरमध्ये हे काम वेगळ्या धाग्यावर पाठवा, नाहीतर त्या पाव सेकंदात सर्व्हर बाकी कोणालाच उत्तर देत नाही.

वर्षातून एकदा मूल्यं वाढवा. जॅंगो हेच करत आला आहे: पीबीकेडीएफ२ च्या फेऱ्या आवृत्ती ४.२ मध्ये ६ लाख होत्या, ५.२ मध्ये १० लाख झाल्या. पायरी ४ मधला रिहॅश असेल तर वाढवणं म्हणजे एक आकडा बदलणं.

बीक्रिप्ट ठेवावाच लागला तर

बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतो. इंग्रजीत ती ७२ अक्षरं होतात. देवनागरीत प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि काना, मात्रा, हलंत, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं, म्हणून मर्यादा २४ चिन्हांवर येते. 'माझा आवडता डोंगर हरिश्चंद्रगड' हा पासवर्ड ८१ बाइटचा आहे. त्यातली शेवटची 'र', 'ग', 'ड' ही तीन चिन्हं कापली जातात आणि त्यांच्या जागी काहीही लिहिलं तरी लॉगिन होतं. काही लायब्ररी आता लांब पासवर्डला चूक दाखवतात, पण गुपचूप कापणाऱ्याही अजून वापरात आहेत. तुमची काय करते ते करून बघा.

ही मर्यादा किती दूर जाते ते २०२४ मध्ये ओक्टा या लॉगिन-सेवा कंपनीच्या एका दुरुस्तीतून दिसलं. तिथे युजर आयडी, युजरनेम आणि पासवर्ड जोडून बीक्रिप्टला दिले जात होते. युजरनेम ५२ किंवा जास्त अक्षरांचं असलं की पासवर्डला जागाच उरत नव्हती, आणि ठरावीक परिस्थितीत आधीच्या यशस्वी लॉगिनच्या साठवलेल्या नोंदीवर पासवर्डशिवाय प्रवेश मिळू शकत होता.

तोड म्हणून आधी एसएचए-२५६ काढून तो बीक्रिप्टला देतात. तो कच्च्या बाइटमध्ये देऊ नका, बेस६४ करून द्या. बीक्रिप्टच्या अनेक अंमलबजावण्या शून्य बाइट दिसला की तिथेच थांबतात. कच्च्या हॅशचा पहिलाच बाइट शून्य असण्याची शक्यता २५६ मध्ये एक आहे, आणि अशा सगळ्या युजरचा पासवर्ड मग रिकाम्या पासवर्डइतकाच उरतो. हा आतला हॅश साध्या एसएचएऐवजी गुप्त किल्ली असलेल्या एचमॅकने काढला तर आणखी बरं. किल्ली डेटाबेसच्या बाहेर ठेवा आणि तिची वेगळी प्रत जपा, कारण ती हरवली तर एकही हॅश तपासता येणार नाही.

पायथनमध्ये बीक्रिप्ट बाइट परत देतो. ते डिकोड न करता थेट मजकुरात बदलले तर सुरुवातीला बी आणि अवतरणचिन्ह लागून साठतात आणि लॉगिनला 'इन्व्हॅलिड सॉल्ट' येतो. ही चूक दिसली की आधी रकान्यातलं पहिलं अक्षर बघा.

जुना एमडी५ चा टेबल

'युजर पुन्हा येईल तेव्हा बदलू' म्हणालात तर जे कधीच येत नाहीत त्यांचे एमडी५ कायम पडून राहतात. त्याऐवजी एकाच रात्री सगळ्या एमडी५ मजकुरांवर आर्गॉन२ चालवा, शेजारच्या रकान्यात 'गुंडाळलेला' अशी खूण ठेवा आणि जुना रकाना काढून टाका. लॉगिनला खूण दिसली की आधी एमडी५ काढून तपासा, आणि जुळल्यावर थेट पासवर्डचा आर्गॉन२ साठवून खूण पुसा. हा एमडी५ काढताना पायरी २ चे नवे नियम लावू नका, जुना एमडी५ ज्या बाइटवर काढला होता तेच हवेत. गुंडाळलेली अवस्था कायमची ठेवू नका. त्याच युजरचा एमडी५ दुसऱ्या एखाद्या फुटलेल्या यादीत असेल तर हल्लेखोर तोच अंदाज म्हणून वापरतो. जुने बॅकअपही शोधून नष्ट करा.

अ‍ॅश्ली मॅडिसन या डेटिंग साइटच्या २०१५ च्या फुटीत पासवर्ड बीक्रिप्टमध्ये होते, खर्च-घटक १२. पण दुसऱ्या एका रकान्यात लॉगिनसाठी एमडी५ टोकन होतं, तेही लहान अक्षरांत बदललेल्या पासवर्डवरून बनवलेलं. त्या वाटेने १.१ कोटींहून जास्त पासवर्ड थोड्याच दिवसांत उलगडले. म्हणून पासवर्डवरून बनणारी प्रत्येक गोष्ट कोडमध्ये शोधा: 'मला लक्षात ठेव' चं टोकन, कॅशची किल्ली, एपीआय की. लॉगही त्यात आले. २०१८ मध्ये ट्विटरला सगळ्या युजरना पासवर्ड बदलायला सुचवावं लागलं, कारण हॅश होण्याआधीच ते अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. विनंतीचा पूर्ण मजकूर लॉग करणारी ओळ आणि चूक पकडणाऱ्या बाहेरच्या सेवेला जाणारी माहिती, दोन्हीकडे पासवर्डचा रकाना झाका.

चाचण्या

एकच पासवर्ड दोनदा हॅश करा: ओळी वेगळ्या, तपासणी दोन्हींची यशस्वी. ओळ डेटाबेसमध्ये लिहून परत वाचा आणि लांबी तीच आहे का पाहा. शंभर देवनागरी चिन्हांचे दोन पासवर्ड घ्या, फरक फक्त शेवटच्या चिन्हात, आणि दुसऱ्याने लॉगिन होऊ नये. 'वाऱ्यावर' दोन्ही पद्धतींनी टाइप करून दोन्हींनी लॉगिन झालं पाहिजे. रिकामा पासवर्ड नाकारला जावा. रकान्यात मुद्दाम बिघडवलेली ओळ ठेवा: लॉगिन होऊ नये आणि लॉगमध्ये चूक दिसावी. नसलेल्या आणि असलेल्या ईमेलने प्रत्येकी पन्नास वेळा चुकीचं लॉगिन करून सरासरी वेळ ताडा. कमी मूल्यांची जुनी ओळ घालून लॉगिन करा आणि ती नव्या मूल्यांची झाली का बघा. कितीतरी प्रणालींत रिहॅशचा कोड असतो, पण तो एकदाही चाललेला नसतो, म्हणून ही शेवटची चाचणी प्रत्येक वेळी मूल्यं वाढवताना पुन्हा चालवा.